पूर्णवेळ गारगोटी

६ जानेवारी २०१९, रविवार
'गारगोटी मित्र' ग्रुपवर आज ॲडमिन नानासाहेबांनी सगळ्यांना विचारलं, पोटापाण्यासाठी काय करता आणि त्यात समाधान आहे का? सोपा प्रश्न. ज्याला रंगीत दगडांचा नाद लागला तो नोकरीत समाधानी असूच शकत नाही.

उत्तरं वाचून धक्का बसला. नानासाहेब दातांचे डॉक्टर. म्हणे किडकी दाढ अखंड निघाली की दिवस छान जातो. सांडू पवार एसटीत कंडक्टर. म्हणे गाडी भरली की अंगात येतं. एकही रडला नाही. शेवटी मी लिहिलं, नोकरी सोडली, आता पूर्णवेळ गारगोटी-अभ्यासक. बावीस अंगठे आले.

तांत्रिकदृष्ट्या नोकरी अजून आहे. पण मनानं सुटलीय, म्हणजे खोटं नाही.

७ जानेवारी
फर्स्ट शिफ्ट. वाळूजच्या कारखान्यात एकोणीस वर्षं फायनल इन्स्पेक्शन करतोय. गाडीचा शाफ्ट गेजमध्ये घालायचा, एका तोंडातून गेला पाहिजे, दुसऱ्यातून जाता कामा नये. पास झाला तर ट्रेमध्ये, नापास झाला तर लाल रंग. यात माणसाला काय मिळतं? अर्थात मी नसलो तर डिपार्टमेंट बसेल. मॅनेजर गायके साहेब बोलून दाखवत नाहीत, एवढंच.

संकल्प : मार्चपर्यंत फर्दापूरला स्वतःचं गारगोट्यांचं दुकान. अजिंठा लेण्यांचे पर्यटक, परदेशी लोक. बायकोला योग्य वेळ बघून सांगणार.

१२ जानेवारी
ग्रुपची सहल ठरली. बुधवारी! नानासाहेब म्हणाले, काकासाहेब आता मोकळेच असतात, तेच गाईड. काकासाहेब म्हणजे मीच, नाही म्हणायची सोय नव्हती. रजेच्या अर्जात पाचोडची मावशी वारल्याचं लिहिलं. ती खरंच वारलेली आहे. तारीख अर्जात कोण विचारतं.

१६ जानेवारी, बुधवार
सहल यशस्वी. फर्दापूरच्या अलीकडं एका खोदलेल्या विहिरीच्या मातीत माझ्या मार्गदर्शनाखाली हिरवा स्फटिक सापडला. मुठीएवढा, काचेसारखा. उचलला बिरूनं, पण नजर माझी होती. बिरू तिथं मेंढ्या राखतो. त्याला विचारलं, या कामाचा कंटाळा येत नाही? म्हणाला, कंटाळा आला तर मेंढ्या कुठं ठिऊ, सायेब? मग म्हणाला, तुमी काय करता? सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, दगड. तो म्हणाला, फोडता व्हय? मजुरी काय पडती?

सांडू पवार हसून हसून खाली बसला. कंडक्टर माणूस, विनोदबुद्धी बेताची.

२० जानेवारी, सकाळी
हिरव्या स्फटिकावर मातीचा डाग होता. संडासाच्या ॲसिडमध्ये अर्धा तास ठेवला. पांढरी गारगोटी अशीच लख्ख होते.

त्याच दिवशी, दुपारी
हा दगड वेगळ्या जातीचा निघाला. चकाकी गेली. आता बुंदीच्या शिळ्या लाडवासारखा दिसतो. ग्रुपवर टाकलं, मॅट फिनिश. नानासाहेबांनी विचारलं, ॲसिडमध्ये टाकला का? मी फोन चार्जिंगला लावला. अभ्यासकाला प्रयोग करावे लागतात.

२४ जानेवारी
गायके साहेबांनी बोलावलं. माझी जुनी फाईल उघडी. मावशी २०११ सालीही वारली होती, अशाच अर्जात, माझ्याच सहीनं. साहेब शांतपणे म्हणाले, काकासाहेब, मावशी एकदाच वारू द्या ना राव. दोन ओळींची माफी लिहा, विषय संपवू.

माफी? एकोणीस वर्षांनी? उद्या राजीनामा देणार. स्वीकारणार नाहीतच. विनवतील, तेव्हा माफीचा विषय आपोआप मागं पडेल. डाव पक्का आहे.

२५ जानेवारी
दिला.

२५ जानेवारी, संध्याकाळी
स्वीकारला. साहेबांनी दोनदा विचारलं, घरी बोललात का? मी म्हटलं, घरचे पाठीशी आहेत.

२८ जानेवारी
घरच्यांना कळलं. शिफ्टची बस आली, थांबली, निघून गेली. बायको आशा गॅलरीतून बघत होती. म्हणाली, बस गेली की तुमची. सगळं सांगितलं. दुकानाचंही. तिनं आत जाऊन माझा भरलेला डबा रिकामा केला. मग म्हणाली, पोरगी बारावीला, अन् तुमी दगडं इकणार? मला इचारायचं तरी व्हतं. तिला नंतर पटेल.

११ फेब्रुवारी
फर्दापूर. दुकान म्हणजे सध्या भाड्याचं टेबल. शेजारचा फकिरा तीस वर्षं इथं दगड विकतो. जपानी पर्यटकांशी जपानीत बोलतो. मला म्हणाला, आवाज द्या सायेब, माल मुका असतो. मला आवाज देता येत नाही. मी अभ्यासक आहे.

२६ फेब्रुवारी
फकिरानं विचारलं, ह्यातला चांगला कोणता? मला सांगावंसं वाटेना. महिनाभरात एकदाही डोंगरात गेलो नाही. घरी आल्यावर कपाटातल्या दगडांकडं बघवत नाही. बहुतेक ऊन लागलंय.

४ मार्च
टेबल सोडलं. उन्हाळ्यात पर्यटक कमी. दिवाळीनंतर बघू.

१३ मार्च
कामगार पुरवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरचा फोन. माझ्याच डिपार्टमेंटला एक दिवस माणूस हवाय. माझ्या जागेवर डिप्लोमा केलेली मंजुळा नावाची पोरगी आहे, ती तापानं पडलीय. जुन्या लोकांना अडचणीत सोडणं बरं नाही. हो म्हटलं. आशानं डबा भरायला घेतला.

१४ मार्च
डिपार्टमेंट बसलेलं नव्हतं. मंजुळानं ट्रेंना आकडे लावलेत, चांगली पद्धत आहे. गायके साहेबांनी चहा पाठवला.

दुपारी एक शाफ्ट गेजमधून नीट पास झाला. तरी ट्रेमध्ये ठेवताना नखाला काहीतरी खरखर लागलं. भिंगाखाली धरला. केसाएवढी चीर. गाडीत बसला असता तर कधी ना कधी तुटला असता, कुणाच्या तरी गाडीत. लाल रंग लावला. मग पूर्ण लॉट पुन्हा तपासला, आणखी दोन सापडले. चार कधी वाजले कळलं नाही. इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

जाताना कॉन्ट्रॅक्टरला विचारलं, उद्या यायचं का? त्यानं मंजुळाला फोन लावला. मी शेजारीच उभा होतो.

तिचा ताप उतरलाय. चांगली गोष्ट आहे.