न फोडलेली ढेप

कोल्हापूर,
सोमवार, ३१ मार्च १९५८

प्रिय आक्का,

तू ओळीवर बोट ठेवून वाचतेस म्हणून अक्षर मोठं काढलंय. बाळंतिणीनं डोळ्यांना ताण देऊ नये, असं आई दोनदा ओरडून गेली. तिला सांगितलं, सासरी खुशाली कळवतेय. तेव्हा हे पत्र घरातल्या जोतीरामदादाकडून वाचून घेऊ नकोस. दुपारी सोप्यात एकटीच बस आणि सावकाश वाच.

आज दादा गावाकडून दूध घालायला आला तो तुझा निरोप घेऊनच. "बारशाला येत न्हाय म्हणावं. माझा हात पाळण्याला नको." काय गं हे? माझी सख्खी आत्या तू. माझ्या कानात माझं नाव तू सांगितलंस, अनसूयेची अनशीही तूच केलीस, आणि माझ्या लेकाला हात लावणार नाहीस? आधी रागच आला. मग रडू आलं. कारण तू असं का म्हणतेस, ते घरात सगळ्यांना माहीत आहे. खरं काय झालं, ते मात्र फक्त मला माहीत आहे.

इथं खाटेवर पडल्यापडल्या मला कळंब्याच्या पलीकडचं आपलं घरच दिसत राहतं. तुम्ही तिथंच राहता, तुम्हाला त्याचं काय अप्रूप! आम्ही शहरातली पोरं. परीक्षा संपली की बैलगाडीत बसून कधी एकदा पोचतो असं व्हायचं. दार एवढं ठेंगणं की आबांनाही वाकावं लागायचं. कुणा पावण्यानं कपाळ आपटून घेतलं की आबा म्हणायचे, "वाकून या की, घर कुणाचं हाय!" परड्यात गुऱ्हाळ चालू असलं की वाकळांनासुद्धा गुळाचा वास यायचा. आणि सगळ्यात मजा उकळत्या रसाची काहील चुलीवरून उतरायच्या वेळची. गुळव्या, गाडीवान, सगळे गडी खोळंबून उभे, आणि आबा हाक मारणार, "आक्का कुठं हाय? बोलवा तिला." तू भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं यायचीस. आबा तुझ्या तळहातावर ऊन गुळाचा खडा ठेवायचे. तू डोळे मिटून चघळायचीस आणि म्हणायचीस, "उतरला." तू तसं म्हटलंस की गूळ जमला, मग कुठं ढेपा भरायच्या.

तेव्हा तो मला खेळ वाटायचा. आता संसाराला लागल्यावर कळतंय. तू नवऱ्यानं दुसरी केली म्हणून माहेरी परत आलेली आबांची लेक. गाव मागून काय बोलायचं, ते आबांच्या कानावर येतच असणार. म्हणून चार माणसांसमोर त्यांनी तुझ्या जिभेला मान दिला. दुसऱ्या कुणाला चव कळत नव्हती थोडीच.

आबा गेले त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून तू गुळाचा खडा तोंडात घेतला नाहीस. गड्यांनी विचारलं तर म्हणतेस, "मला चव कळत न्हाय आता."

आबा चैत्रात जोतिबाला चालत गेले की ते परत येईपर्यंत भिंतीतल्या देवळीतला दिवा विझू द्यायचा नाही, हा आपल्या घरचा रिवाज. तो राखायचं काम तुझं. त्यांच्या त्या शेवटच्या खेपेला एका दुपारी म्हैस व्यायला झाली आणि तू गोठ्याकडं धावलीस. जाताना म्हणालीस, "अनशे, दिव्याकडं ध्यान ठेव, आलोच मी." परत आलीस तर दिवा विझलेला आणि मी भिंतीशी झोपलेली. तू दिवा लावलास, कान धरून देवाची माफी मागितलीस, आणि माशा बसू नयेत म्हणून माझ्या तोंडावर लुगड्याचा तुकडा टाकलास. संध्याकाळी आजीला म्हणालीस, तेल कमी पडलं, माझीच चूक. आबा तापानं फणफणत परत आले आणि आठव्या दिवशी गेले. ऊन बाधलं, असं डॉक्टर म्हणाले; पण आजी रडतारडता बोलून गेली, "एवढा दिवा राखता आला न्हाय तुला." तिनं पुन्हा तो शब्द काढला नाही. तुझ्या मनातून मात्र तो कधी गेलाच नाही.

आक्का, तेल कमी पडलं नव्हतं. मी झोपलेही नव्हते. काकवी चोरून खायला मी तो दिवा घेऊन अंधाऱ्या माळ्यावर चढले होते. खाली पावलं वाजली असं वाटलं, आणि मी फुंकर मारली. मीच मारली. दिवा देवळीत ठेवला आणि झोपेचं सोंग घेतलं. तू कान धरलेस, तेव्हा मी डोळे किलकिले करून बघत होते. आधी माराच्या भीतीनं गप्प राहिले, मग आबा गेल्याच्या भीतीनं, आणि पुढं इतकी वर्षं गप्प राहिले याचीच लाज वाटायला लागली. विझलेल्या दिव्यापायी देव माणूस नेत असेल, असं मला वाटत नाही. पण तुला वाटत असेल, तर तो दोष माझा आहे. मला शिव्या दे, येऊन थोबाडीत मार. पण ये.

बारसं गुरुवारी आहे. दादानं आपल्या गुऱ्हाळातली ढेप आणून ठेवली आहे. आई म्हणते, घुगऱ्यांबरोबर वाटायला आजच फोडून ठेवू. मी फोडू दिलेली नाही. उतरलाय की नाही, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

तुझीच,
चोरटी अनशी