जाहिराती बंद करायला आलोय

३ नोव्हें., सोम.

म्हात्रेबाईंकडे गेलो, नववा मजला. त्यांच्या फोनवर रेसिपी उघडली की कृती तळाशी आणि वर अख्खा बाजार. साड्या, गुडघ्याचं तेल, कर्जतला प्लॉट. "परबकाका, जाहिराती मिटता मिटता वांगी करपली हो माझी." दुसरं ब्राउझर टाकून दिलं, जाहिराती अडवणारं. चहा, दिवाळीतल्या उरलेल्या दोन चकल्या. अर्धा तास बसलो. वांग्यांचं पुन्हा नाव काढलं नाही त्यांनी.

आयुष्यभर थिएटरात प्रोजेक्टर चालवला. पिक्चरच्या आधी जाहिरातींच्या स्लाइड मीच लावायचो. आता घरोघर उतरवत फिरतोय. मंदाला फोनवर सांगितलं. "तुम्हाला काहीतरी उद्योग मिळाला, बरं झालं." बायको पुण्यात, लेकीकडे. नातू रांगायला लागेपर्यंत म्हणून गेली होती. नातू आता पळतो.

५ नोव्हें., बुध.

दत्ताकडे. ए विंग, सतरावा.

चाळीत दत्ता गावकर माझ्या समोरच्या खोलीत. दारं कधी लागलीच नाहीत. त्याच्याकडे बांगडा की बोंबील, ते त्याच्याआधी मला कळायचं. चाळ पाडून टॉवर झाला, मला बी विंगमध्ये सहावा मजला आला, त्याला ए विंगमध्ये सतरावा. खाली वॉचमन, तो वर फोन लावणार, मग लिफ्ट. काम असल्याशिवाय कुणी कुणाकडे जात नाही. मीही नाही. सुरुवातीला एकदोनदा गेलो तर त्याची सून स्नेहा दार उघडून म्हणाली, "काका, काही काम होतं का?" पोरगी चांगली आहे, मनात वाकडं काही नाही. हॉलमध्येच टेबल मांडून घरून नोकरी करते, कानात हेडफोन. पण त्या प्रश्नाला उत्तर नसलं की माणूस आपोआप मागे फिरतो.

आता उत्तर आहे. जाहिराती बंद करायला आलोय.

दत्ता दिवसभर फोनवर दशावतार बघतो. झांजा चढल्यात, राजा तलवार उपसतोय, आणि मधेच एक बाई येऊन विचारते, केस गळतात का? दत्ताला साफ टक्कल. "मेल्या, ही माकाच बघून इचारता." ॲप बाजूला ठेवलं, दशावतार नव्या ब्राउझरमधून लावून दिला. बाई गायब. दत्ताने मला उठूच दिलं नाही. "बस रे, बघूया परत येता काय ती." दोन तास बघितलं. नाही आली.

घरी येताना लिफ्टमध्ये गुणगुणत होतो. एका पोराने वळून बघितलं.

११ नोव्हें., मंगळ.

सकाळीच दत्ता. "इली रे परत तुझी बाय."

हे होणारच. आपण दार लावलं की ते लोक खिडकीतून शिरतात. जाहिराती अडवणाऱ्याकडे एक यादी असते, कुणाकुणाला आत सोडायचं नाही याची. ती सारखी ताजी करावी लागते. दोन मिनिटांचं काम. मी पाऊण तास लावला. चष्मा पुसला, फोन बंद करून चालू केला, हं हं म्हटलं. मग राहिलेला दशावतार. स्नेहाने पोहे आणून दिले, हेडफोन न काढताच.

१३ नोव्हें., गुरु.

इथेच लिहितो, बाहेर बोलायचं नाही. ती यादी आपली आपण ताजी होत राहील असं एक बटण सेटिंगमध्ये आहे. माझ्या फोनवर चालू केलंय. दत्ताच्या नाही. म्हात्रेबाईंच्याही नाही.

विसरलो वगैरे नाही.

१६ नोव्हें., रवि.

मंदाचा फोन. "कधी येतेस?" "बघू हो. पोरीला रजाच मिळेना." मग नातवाने फोन घेतला. बोलला काही नाही, नुसता कानाशी धरून श्वास घेत राहिला. मीही काही बोललो नाही. बराच वेळ चाललं आमचं असं.

वरणभात, सुकट. घर इतकं गप्प की फ्रिज थांबला तरी ऐकू येतं. चाळीत फ्रिज बंद पडलेला कळायलाच दोन दिवस गेले असते.

१८ नोव्हें., मंगळ.

दत्ता. "इली." गेलो. लिफ्टमध्ये केस सारखे केले, लग्नाला निघाल्यासारखे.

आज तो मधेच म्हणाला, "तू येतंस तेव्हा तेवढीच मालवणी बोलूक गावता. नायतर मी नि भिंत." मग लगेच दशावताराचा आवाज वाढवला. स्नेहाने लांबून हात केला, आवाज कमी. त्याने कमी केला.

२४ नोव्हें., सोम.

वाईट झालं.

परवा दत्ताचा फोन आला होता, "काहीतरी येता रे, येऊन बघ." म्हटलं, उद्या बघू. दादरला चष्म्याचं काम होतं, पण खरं कारण ते नाही. लगेच धावलं की किंमत राहत नाही, आणि वाट बघायला लावली की मग जास्त वेळ बसवूनही घेतात. असा हिशोब. काल गेलोच नाही.

आज त्याच्या फोनवर मोठी लाल पाटी आली. तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे, ताबडतोब इथे दाबा. दत्ताने दाबलं. कसलंतरी ॲप आत शिरलं आणि फोन आपलाआपण बोंबलायला लागला, एकामागून एक पत्त्यांच्या जुगाराच्या जाहिराती, बंद होईनात. आणि नेमकी स्नेहाची परदेशातल्या साहेबांशी मीटिंग. दत्ता फोन घेऊन बाथरूममध्ये पळाला, तिथे तर आणखी घुमला.

संध्याकाळी नितीन, त्याचा मुलगा, म्हणाला, "बाबा, तुम्हाला हे झेपत नाही. साधा बटणांचा फोन आणतो, हा राहू दे."

हे मला दत्ताने त्याच्या गेलेल्या बायकोच्या जुन्या फोनवरून सांगितलं, हळू आवाजात. मालवणीत नाही. शाळेत उभं केल्यासारखं नीट मराठीत. "माझंच चुकलं. मी दाबायला नको होतं."

तुझं नाही रे चुकलं. यादी शिळी होती. ती कुणी शिळी ठेवली ते मला माहीत आहे.

२५ नोव्हें., मंगळ.

सकाळी नितीन कामावर निघायच्या आत गाठला. म्हटलं, फोन काढून घेऊ नकोस, मी कायमचा बंदोबस्त करतो. "अहो काका, तुम्ही कशाला त्रास घेता." म्हटलं, चूक माझी आहे. तो हसला, "तुमची कसली चूक." पुढे सांगायचं होतं. दत्ताचा फोन मागून घेतला.

सगळं केलं. ते ॲप काढलं. कुठल्या कुठल्या साइटना सूचना पाठवायची परवानगी दत्ताने देऊन ठेवली होती, ती सगळी काढून घेतली. फोनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये एक पत्ता भरला, त्याने बाकीच्या ॲपमधल्या जाहिराती बहुतेक दारातच अडतात. आणि ते बटण. चालू केलं.

"आता येवची नाय?"

"नाही."

"कधीच?"

"आता आपली आपणच अडते. मला यायला नको."

दत्ता फोनकडे बघत राहिला. "बरा झाला," म्हणाला. मग म्हणाला, "बरा झाला ना?" मी हो म्हटलं. स्नेहा जागेवरून उठून आली, थँक्यू काका म्हणाली, मनापासून म्हणाली. मला तिच्याकडे नीट बघवलं नाही.

उतरल्यावर आमच्या विंगमध्ये म्हात्रेबाईंचंही करून टाकलं. करायचंच तर पुरतं करायचं.

२९ नोव्हें., शनि.

फोन नाही.

२ डिसें., मंगळ.

नाही. लिफ्टमध्ये म्हात्रेबाई भेटल्या. "काय जादू केलीत काका, एकदम स्वच्छ." छान छान म्हटलं. सहावा आला. उतरलो.

५ डिसें., शुक्र.

दुपारी मनात आलं, एकदा बघून जातो म्हणावं, फोन हातात घ्यावा आणि ते बटण गुपचूप बंद करावं. आठवड्याभरात बाई केस विचारायला हजर. चपला घातल्यासुद्धा. मग दत्ताचा तो शाळेतल्या पोरासारखा आवाज आठवला. चपला काढून ठेवल्या. स्वतःचीच लाज वाटली. त्याहून जास्त एकटं वाटलं, ते काही त्या लाजेने कमी झालं नाही.

मंदाला फोन केला. तिकडे नातवाचं जेवण चाललं होतं. "ठेवू का? हा भात उडवतोय." ठेव म्हटलं.

९ डिसें., मंगळ.

गेलो आज. हातात काही नाही, मनात काही ठरवलेलं नाही. चिंचपोकळीच्या पुलापर्यंत पाय मोकळे करायला निघालो होतो, ए विंगकडे वळलो.

वॉचमन नवा. "क्या काम बोलूँ, अंकल?" म्हटलं, बोल, परब आया है. त्याने तेवढंच सांगितलं. तिकडून काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण जाओ म्हणाला.

दार दत्तानेच उघडलं. बाहेरचं जाळीचं सेफ्टी डोअर नाही, आतलं नुसतं. जाळीतूनच बोललो.

"फोन बरो चललो हा," तो म्हणाला.

"माहितेय."

"मगे?"

"काही नाही. सहज आलो."

चाळीत हा शब्द कधी वापरावा लागला नव्हता. तोंडातून निघाला तो मलाच परका वाटला. दत्ताच्या मागून स्नेहाचं इंग्रजी ऐकू येत होतं, भराभर. त्याने एकदा मागे बघितलं. घर मुलाचं, हॉल सुनेच्या मीटिंगचा. त्याचं म्हणावं तर एक खुर्ची आणि तो फोन. मला कळत होतं सगळं.

दत्ता जाळीजवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "आता नको रे. उद्या ये."

बरं म्हटलं. खाली आलो, पुलापर्यंत जाऊन आलो, चहा घेतला, इथे येऊन बसलो.

उद्या ये. दारातून कुणालाही माणूस असंच म्हणतो. मीही म्हटलंय, कितीतरी जणांना, ते येऊ नयेत म्हणून. पण जाळीजवळ आला तो. मालवणीत बोलला.

किती वाजता ते तो म्हणाला नाही. मी विचारलं नाही.