पातं सोडून सगळं काळं

ती. दाजी यांस,

साष्टांग नमस्कार. (डोळ्याच्या डॉक्टरांनी खाली वाकायची मनाई केल्यामुळे तो खुर्चीत बसूनच केला आहे, पण मनातून पूर्ण आडवा झालो आहे असं समजावं.) आपला गुडघा कसा आहे? ताईचं पथ्य ती स्वतः पाळते की अजून फक्त आपल्याला पाळायला लावते? ही चौकशी मनापासूनची आहे. पुढचा मजकूर वाचल्यावर तसं वाटणार नाही, म्हणून आधीच उरकून घेतो.

विषय आपण भेट दिलेल्या सुरीचा. ऑपरेशन झाल्यापासून या घरात माझ्या हातून एकेक काम काढून घेतलं गेलं हे आपण जाणताच. कपडे वाळत घालायचे नाहीत, बादली उचलायची नाही, पेपरही बायको वाचून दाखवणार, आणि तोसुद्धा तिला आवडतील त्याच बातम्या. भाजी चिरणं तेवढं माझ्याकडे उरलं होतं. दाजी, मी ते जीव ओतून करत होतो. जुनी सुरी बोथट होती, पण आमचं एकमेकांशी जमलेलं होतं. अशात आपण ही नवी आणलीत. सुरी कसली, आरसाच तो! सकाळी खिडकीतून ऊन ओट्यावर येतं, ओट्यावरून पात्यावर, आणि पात्यावरून थेट माझ्या नव्याकोऱ्या डोळ्यात. परवा गाजर चिरताना अशी तिरीप आली की गाजर कुठे संपलं आणि अंगठा कुठे सुरू झाला हे मला कळलंच नाही. बायकोने अंगठ्याला पट्टी बांधली, सुरी माझ्या हातातून घेतली आणि शांतपणे म्हणाली, "उद्यापासून मीच चिरत जाईन." ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

म्हणून मी आपल्याला फोन केला. आपण क्षणाचाही विचार न करता म्हणालात, "अरे, सोपं आहे. पातं काळं करायचं. व्हिनेगर गरम कर, त्यात बुडव, वरून मोहरी वाटून लाव. घरच्या घरी होतं. मी कारखान्यात जन्म घालवलाय." आपण कारखान्यात जन्म घालवलात हे खरं, पण तो कारखाना गाद्यांचा होता, हे मला फोन ठेवल्यावर आठवलं.

तरीही बायको शाळेत शिकवायला गेल्यावर मी दुधाच्या पातेल्यात व्हिनेगर तापवलं. (दुसरं पातेलं खालच्या कपाटात होतं आणि वाकायची मनाई आहे.) त्या वासाने मीच आधी रडलो, मग वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई खाली आल्या आणि दारातूनच, नाकाला पदर लावून, घरात कुणी बेशुद्ध आहे का ते विचारून गेल्या. नाही म्हटल्यावर त्यांचा थोडा हिरमोड झाला. सुरी बराच वेळ बुडवली, मोहरी थापली, पुसून बघितली, तर काय? पात्यावरचा होता नव्हता तो तेलकटपणा निघून गेला होता. आधी त्यात माझा चेहरा दिसायचा, आता चेहऱ्यावरचा संतापही दिसू लागला.

पुन्हा फोन केला. आपण म्हणालात, "मग कडक चहात ठेव." ठेवली. ओट्यावरचं फडकं काळं झालं, माझी नखं काळी झाली, सुरी ढिम्म. तिसऱ्या फोनला आपण जरा वैतागूनच म्हणालात, "मेणबत्तीवर धर ना मग." यावर मात्र सुरी खरंच काळी झाली. मी हर्षाने काकडी चिरायला घेतली आणि पहिल्याच कापात सगळी काजळी काकडीवर उतरली. तेवढ्यात बायको आली. पांढऱ्या संगमरवरी ओट्यावर व्हिनेगर सांडून खरबरीत डाग पडलेला, पातेल्याला मोहरी चिकटलेली, काकडी कोळशासारखी, आणि त्याच हातांनी घाम पुसल्यामुळे माझं कपाळही तसंच. तिने सुरी धुतली, उजेडात धरली आणि पात्याच्या मुठीजवळची बारीक अक्षरं वाचून दाखवली, "स्टेनलेस स्टील. म्हणजे डाग न पडणारं पोलाद." दाजी, इतके दिवस त्या चमकेमुळेच मला ती अक्षरं वाचता आली नव्हती.

मग तिने भाजी चिरायचा पाट ओट्यावरून उचलून टेबलावर ठेवला आणि मला खिडकीकडे पाठ करून बसवलं. चमक गेली. एवढंच करायचं होतं. हे आपल्याला सुचू नये? (मला सुचलं नाही ही गोष्ट वेगळी, मी आजारी आहे.) झाल्या प्रकाराचा मी आपल्याकडे तीव्र निषेध नोंदवत आहे.

कळावे, संताप असावा तेवढाच आहे, लोभ नेहमीइतकाच.

आपला मेहुणा

ता. क. पत्र ताईला दाखवू नये. दाखवल्यास गाद्यांचा उल्लेख हाताने झाकावा.

ता. क. दुसरा : भाजी पुन्हा माझ्याकडे आली आहे. ओट्याचा डाग कायम राहणार असं दिसतं. बायको पाहुण्यांना तो आपल्या नावाने दाखवते.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं याचसाठी लिहिलं : सुरी दुकानात घेताना ती अक्षरं आपल्यालाही वाचता आली नसणार, हे मला काल उमगलं. मग ताईला फोन केला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे आणि आपण गुडघ्याचं निमित्त करून तारीख पुढे ढकलत आहात, असं ती म्हणाली. दाजी, भीती मलाही वाटली होती, ऑपरेशनच्या टेबलावर मी नर्सचा हात सोडत नव्हतो. दुखत नाही. आमच्या डॉक्टरांकडे आपलं नाव घालून आलो आहे. दोघं इकडेच या, पुढच्या खोलीतला पलंग रिकामा केला आहे, थेंब मी घालीन. अट एकच, डॉक्टरांना काहीही सुचवायचं नाही.