रविवारी खडकावर आलेला सील

प्रिय डोलीनामावशी,

पहिला नमस्कार तुला, दुसरा तुझ्या गुडघ्यांना. ग्लासगोच्या जिन्यांशी त्यांचं अजून जमत असेल अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक. गाय दूध देते, छप्पर गळतं, फिनलेदादा अजून बिनलग्नाचा आहे. म्हणजे बेटावर काही बदललेलं नाही. बदललंय ते एवढंच, की तुझी भाची कादंबरीकार झाली आहे आणि गावात तिच्याशी कोणी बोलत नाही. पहिल्या गोष्टीचा मला अभिमान आहे. दुसरीचाही होत चालला आहे.

कादंबरी तुला पाठवलीच आहे. (मुखपृष्ठावरचा उघडाबंब पुरुष पाहून दचकू नकोस. लंडनच्या संपादिकेला त्याला चौकड्यांचा घागरा नेसवायचा होता. मी कळवलं, बाई, तो आत्ताच सीलचं कातडं उतरवून समुद्रातून बाहेर आलाय. वाटेत त्याला शिंपी कुठून भेटणार?) गोष्ट आपलीच, टॉर्मोडकाकांच्या चुलीपाशी लहानपणी ऐकलेली: समुद्रातला सील कातडं काढून माणूस होतो, किनाऱ्यावरच्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि शेवटी समुद्र त्याला परत बोलावतो. आपल्या पणजोबांपासून धुरात खोकत खोकत सांगत आलेल्या या गोष्टीवर आज कुठल्या कुठल्या देशांतल्या बायका उशा भिजवतात, याहून मोठं वैभव कोणतं? गेल्या उन्हाळ्यात दोघी तर खास बेटावर आल्या आणि सीलपुरुषाची वाट बघत खडकावर बसून राहिल्या. पाण्यातून वर आला तो आपला फिनले, लॉब्स्टरच्या सापळ्याच्या दोरीत पाय अडकून पडलेला. त्याने ज्या शिव्या हासडल्या त्या त्यांना प्राचीन गेलिक कविता वाटल्या. एकीने उतरवूनही घेतल्या.

मला वाटलं होतं, गाव रागावलंच तर सातव्या प्रकरणावर रागावेल. (ते वाचताना दाराला कडी लाव.) छे! सातव्या प्रकरणाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. वाचनालयातली प्रत तर हल्ली आपोआप तिथेच उघडते. बोंब झाली ती तिसऱ्या प्रकरणावरून. सील पलीकडच्या खडकावर येऊन बसलाय, हे पाहून नायिका होडी काढते आणि एकटी वल्हवत त्याच्याकडे जाते. का कोण जाणे, मी तो दिवस रविवार ठेवला. आणि तो आपल्या बेटावर, मावशी! जिथे रविवारी कामाला हात लावणं पाप, एक मोजा चुकून दोरीवर वाळत राहिला तर त्याची चर्चा पुढच्या रविवारपर्यंत पुरते, तिथे माझ्या नायिकेने चक्क वल्ही हातात घेतली.

टॉर्मोडकाका चर्चचे पंच. दारात उभे राहून, टोपीही न काढता म्हणाले, "मर्डीने, सील कुठल्याही दिवशी येऊ दे. सील काही आपल्या चर्चचा सभासद नाही. पण ती पोरगी आपली आहे."

मी म्हटलं, "काका, प्रेमात पडल्यावर वार कोण बघतं?"

"आम्ही बघत होतो," असं म्हणून ते तडक निघाले. फाटकातून ओरडून सांगितलं, की तो रविवार पुस्तकात आहे तोवर त्यांच्या तोंडून कुणाला एकही गोष्ट ऐकायला मिळणार नाही.

हे मात्र झोंबलं. तळ्यातला घोडा देखणा तरुण होऊन येतो आणि केसांतल्या शेवाळावरून मुलगी त्याला ओळखते, ती गोष्ट आता अख्खी फक्त त्यांनाच येते. वय ऐंशीच्या पुढे. ते असेच हट्टाने गप्प राहिले तर ती त्यांच्याबरोबरच मातीत जाईल. (माझी दुसरी कादंबरीही जाईल, पण ते गौण.) तरीही मी बाणेदारपणे निरोप धाडला, की लेखिकेची कल्पनाशक्ती पंचांच्या परवानगीने चालत नसते. काना-मात्रासुद्धा बदलणार नाही. आपल्या घराण्यात मान वाकवायची रीत नाही, हे मी तुला काय सांगावं!

तुझी ताठ मानेची भाची,
मर्डीना

ता. क. नव्या आवृत्तीत सोमवार केला आहे. तसं काकांना कळवलंसुद्धा, तरी ते बोलत नाहीत. शाळेत तुम्ही दोघं एका बाकावर होता ना? तुझं ऐकतील. चार ओळी खरड त्यांना. हे पत्र खरं म्हणजे त्यासाठीच.

आणखी एक ता. क. काल पाकीट चिकटवणार तोच काका स्वतः हजर. या वेळी टोपी हातात. म्हणाले, "तो सोमवार खोड. रविवारच असू दे." मग चुलीपाशी बसले आणि एकदम विचारलं, "ती स्वतःच वल्ही मारत जाते, हे तुला डोलीनाने सांगितलं काय ग?" मी अभिमानाने सांगितलं, सगळं माझ्याच डोक्यातलं. "असं होय," ते म्हणाले. "आमच्या तरुणपणी डोलीना एक रविवारभर पलीकडच्या किनाऱ्यावर उभी होती. मला खिडकीतून दिसत होती. माझी होडी वाळूवर होती. सोमवारच्या बोटीने ती ग्लासगोला गेली." एवढं बोलून त्यांनी घोड्याची गोष्ट सुरू केली, घोडा तळ्यातून अर्धा बाहेर काढला आणि तिथेच थांबवला. पुढची गोष्ट डोलीना समोर बसली असेल तर, म्हणाले.

तेव्हा चार ओळी लिहू नकोस, तूच ये. धक्क्यावरून पलीकडे कोण आणील याची काळजी नको. सकाळपासून ते आपल्या होडीला डांबर लावताहेत. मी विचारलं, मावशीला कुठल्या दिवशी यायला सांगू? म्हणाले, कुठलाही वार चालेल.