साडेअकराचा पडदा

१ ऑगस्ट, मंगळवार

पर्यटकांचे तीन गट! पायांचे नुसते ओंडके झालेत. पहिले दक्षिणेकडचे, अठ्ठावीस जण, आल्या आल्या सगळ्यांना शौचालय हवं. वेशीच्या दाराशी एकाने विचारलंच – हे दार वाकडं का? मी म्हटलं, "ल्युबेकमध्ये सरळ फक्त माणसं असतात." खूष झाले.

साडेअकराला नेहमीप्रमाणे दोरवाल्यांचा बोळ. सगळ्यांना कमानीखालून वाकवून आत घातलं, सात नंबरसमोर उभं केलं आणि माझा हुकमी एक्का काढला. "आवाज हळू! इथे आमच्या बोळाची पहारेकरीण राहते. तो खिडकीबाहेरचा आरसा बघितलात? त्यात तुमची सगळ्यांची हजेरी लागली आहे. ही बाई सत्याऐंशी सालापासून हसलेली नाही. जो हसवेल त्याला माझ्याकडून मार्झिपान, आमची बदामाची मिठाई! आणि बघा हं, आता पडदा हलेल..."

हलला! माणसं लोटपोट. एक टकला गृहस्थ खिडकीला हात काय करतो, वेडावून काय दाखवतो! एकोणीस वर्षं हा विनोद करते आहे. एकदाही वाया गेला नाही.

४ ऑगस्ट

यॉर्न आज म्हणाला, "विब्के, तुझ्या त्या बाईला नाटकात घ्यायला हवी होती. टायमिंग काय!" हा यॉर्न बारा वर्षं माझ्याबरोबर गाईड आहे, अजून एक धड विनोद स्वतःचा नाही. माझेच चोरतो.

९ ऑगस्ट, बुधवार

जिभेला हाड नाही म्हणतात ते माझ्याच जिभेला बघून म्हटलं असणार.

मासळीवाल्याकडे रांगेत होते. पुढे एक म्हातारी – करडा कोट, पाठ ताठ, हातात जाळीची पिशवी. मी धुरावलेला बांगडा मागितला तशी ती वळली.

"तुम्ही साडेअकराच्या."

मला आधी कळलंच नाही.

"आवाज ओळखला. मी सात नंबरची. बॉयसन."

तोंडात मारल्यासारखी झाले. एकोणीस वर्षं तिच्या दारात उभी राहते आहे आणि नाव आज कळतंय! काहीतरी पुटपुटले – छान हवा आहे वगैरे. पाऊस पडत होता बाहेर.

ती म्हणाली, "सत्याऐंशी नाही. एक्याण्णव. नोव्हेंबर. आमचे हे गेले तेव्हा. होडी सापडली, हे नाही सापडले." पिशवी काखेत घेतली. "सांगायचं तर नीट सांगावं माणसाने."

आणि गेली. मासळीवाला विचारतोय, अख्खा देऊ की तुकडे? मी तशीच बाहेर आले. बांगडा न घेता.

ते साल मी उगाच घेतलं होतं. तोंडात आलं म्हणून. शहाऐंशीही म्हटलं असतं.

१० ऑगस्ट

डोळ्याला डोळा नाही. हिशेब करत बसले. एकोणीस उन्हाळे, दिवसाला एकदा तरी. म्हणजे दोन-तीन हजार वेळा मी एका विधवेच्या खिडकीखाली माणसं उभी करून तिच्या न हसण्यावर हसवलंय. वर मार्झिपान लावलंय बक्षीस!

आई म्हणायची, "विब्के, तू बोलतेस आधी, विचार करतेस शनिवारी."

११ ऑगस्ट

बोळ टाळला. कानाला खडा. गट सरळ मारिया चर्चकडे वळवला, युद्धात पडलेल्या घंटांसमोर उभी राहिले. सगळे गंभीर. ठीक आहे. गंभीर असलेले बरे.

१५ ऑगस्ट

मार्झिपानचा केक घेऊन गेले तिच्याकडे. अर्धा तास बोळाच्या तोंडाशी उभी. वाक्य पाठ केलेलं – "बॉयसनबाई, मी चुकले, मला माफ करा." सात शब्दसुद्धा नाहीत! रोज दोनशे माणसांसमोर तीन तास बडबडणारी बाई मी. दार वाजवायला हात उठेना.

घरी येऊन केक मीच खाल्ला. अख्खा. आता पोटात दुखतंय, बरं झालं.

२२ ऑगस्ट

पुन्हा मासळीवाला. या वेळी मीच पुढे होऊन बोलले – रविवारी माझ्याबरोबर ट्राव्हेम्युंडेला याल का? समुद्र बघू, जेवू. म्हटलं आता नाही म्हणेल आणि सुटले.

"किती वाजता?" म्हणाली.

२७ ऑगस्ट, रविवार

गेलो.

स्टेशनवर माझ्याआधी हजर. केस नीट बसवलेले, कोटाला चांदीची पिन. गाडीत मी बोलायला जी सुरुवात केली! कालव्याची माहिती, पुलाची माहिती, चार डोलकाठ्यांच्या जहाजाची लांबी मीटरमध्ये. गप्प बसवेना. ती ऐकत होती, मान किंचित तिरकी, जसं रेडिओ ऐकतात तसं. एकदा म्हणाली, "ही जागा तुम्ही बोळात जास्त चांगली घेता." काय ते विचारलं, तर "थांबणं" म्हणाली. "बोलता बोलता थांबता ना, तेव्हा."

मला वाटलं, टोमणा. लागला.

फेरीबोटीने पलीकडे गेलो. तिने समुद्राकडे पाहिलं, फार वेळ नाही. मी म्हटलं, यजमानांच्या नंतर आला होतात का इथे? "नाही," म्हणाली. "मोठा आहे अजून." मग वारा बोचतो म्हणाली.

जेवायला हेरिंग मासा, तळलेले बटाटे आणि वाटीत रस्सा. शेवटचा तुकडा पावाने पुसून खाल्ला तिने. मी मध्येच उठून शौचालयात गेले, आरशासमोर वाक्य म्हणून पाहिलं, छान आलं. परत आले तर ती म्हणाली –

"हल्ली येत नाही तुम्ही."

खोटं बोलले! म्हटलं, "गट फार मोठे असतात आता. बोळात मावत नाहीत."

"असं."

मग, "एक्याण्णव केलंत का?"

"बॉयसनबाई, मी ते बोलतच नाही आता. बंद केलं. पूर्ण." आणि पुढचं वाक्य, ते पाठ केलेलं, ओठावर होतं हो! तेवढ्यात माझ्या कोपराने रश्श्याची वाटी कलंडली, तिच्या बाहीवर. "माफ करा, माफ करा!" दहा वेळा म्हटलं असेन. बाहीबद्दल.

तिने काटा ताटात ठेवला. "असं," म्हणाली. आणि खिडकीबाहेर बघत बसली. वाटलं, चला, समजलं तिला. बरं वाटलं असणार.

बोळाशी निरोप घेताना ती म्हणाली, "साडेअकराला मी घरीच असते. रोज."

"येईन की!" मी म्हटलं. "नक्की येईन कॉफीला."

माझ्याकडे जरा बघत राहिली. मग वाकून आत गेली. या वयातही तिला ती कमान कुठे लागते ते बरोबर माहीत आहे.

६ सप्टेंबर

जायचं होतं. दोन जहाजं आली, चार गट.

१४ सप्टेंबर

नाही गेले. साडेअकरा म्हणजे माझी ऐन कामाची वेळ. तिला कळायला हवं की नको? दुपारी चारला बोलवावं कॉफीला, सगळं जग चारला बोलावतं.

१९ सप्टेंबर

यॉर्न आज स्वतःचा गट घेऊन बोळातून गेला. मेल्याने माझाच विनोद केला, शब्द न् शब्द! "सत्याऐंशी" पण! मी अशी भडकले की भर चौकात त्याला झापलं. तो गोंधळला. "अगं, एवढं काय? आणि फुकटच गेला. दोनदा म्हटलं – आता पडदा हलेल, आता हलेल. हलतोय कसला! माणसं माझ्याकडेच बघायला लागली. पण आत होती ती. सावली दिसली खुर्चीत."

मनात म्हटलं, छान केलंत बॉयसनबाई. त्याला हवंच होतं.

३० सप्टेंबर

मोसम संपत आला. पुढच्या आठवड्यात नक्की. केक घेऊन. दार वाजवणार.

५ ऑक्टोबर

बॉयसनबाई गेल्या. मंगळवारी, झोपेत.

सकाळच्या पेपरात चार ओळी. गेसा बॉयसन, वय ८६. यॉर्नने फोन करून विचारलं, "तुझी पहारेकरीण ना गं ही?" मी फोन ठेवला.

केक आणून ठेवला होता. तो तसाच आहे. आजचा गट रद्द केला, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. एक वाक्य होतं फक्त. दोन महिने तोंडात घेऊन फिरले आणि रश्श्याच्या डागावर खर्च केलं.

७ ऑक्टोबर

दफनाला सहा माणसं. मी मागे उभी राहिले. धर्मगुरूंनी सांगितलं – अबोल होत्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. वाटलं ओरडून सांगावं की मी यांची दोन हजार वेळा थट्टा केली आहे, मला कुणीतरी काहीतरी बोला. सगळे नम्रपणे पावसात उभे. मीही.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

बोळातून गेले आज, एकटी, दुपारी. सात नंबरचं दार उघडं. भाची घर आवरत होती, इंके नाव, फ्लेन्सबुर्गहून आली आहे. मी आवाज दिला तशी चमकून म्हणाली, "तुम्ही साडेअकराच्या का? मावशी तुमच्या आवाजाबद्दल बोलायची."

आत बोलावलं. म्हणाली, "मावशीला साडेअकराला कधी फोन करायची सोय नव्हती. रागवायची. 'तेव्हा मी कामावर असते' म्हणायची. कसलं काम, कधी सांगितलं नाही. उन्हाळ्यात मात्र म्हणाली, काम गेलं. आता माझी गरज नाही म्हणतात."

मग विचारते, "आणि हे कशासाठी, काही कल्पना?"

खिडकीपासून हातभर मागे खुर्ची, उशी बसून बसून खोलगट झालेली. पडद्याच्या कडेला दोरी बांधलेली. भिंतीवरल्या दोन कड्यांतून ओवून खुर्चीच्या हातापर्यंत आणलेली. टोकाला लाकडी मूठ, हात लागून लागून काळी, गुळगुळीत.

मी खुर्चीत बसले. आरशात अख्खा बोळ दिसतो. मूठ ओढली.

पडदा हलला.