इंजिनातली ठकठक आणि माझा कान

२२ जानेवारी १९७३, सोमवार
थोरले बंधू अण्णा जाऊन एकवीस दिवस झाले. त्यांचा जुना ट्रक दारात उभा आहे. इंजिनात ठकठक येते. दुष्काळी खेड्यांना पाणी पोचवायला गाड्या लावणाऱ्या सोसायटीनं कळवलं, पाण्याची गाडी वाटेत बसली तर खेडी तहानेली राहतील. पुढच्या सोमवारी गाडी तपासू, मगच काम. वहिनी म्हणाल्या, भावजी, तवर आवाज गेला न्हाय तर गाडी इकून टाकू. मी म्हणालो, अण्णांची गाडी विकायची नाही. ठकठक मी शोधतो. मला गाडी चालवता येत नाही, पण कान आमच्या घराण्यातच आहे.

२३ जाने., पहाटे ५
सिलिंडर सहा, दिवस सहा. योजना तयार! शाळेतला लाकडी रूळ आणला. एक टोक इंजिनावर, दुसरं कानावर. पहिलं सिलिंडर निर्दोष.

२४ जाने.
दुसरं दोषी! शंकाच नाही. फार आनंद झाला. वर्गात भूगोलाच्या तासाला इतिहास शिकवला.

२५ जाने.
दुसऱ्याला उगाच बोल लावला. तिसऱ्यापाशी रूळ टेकत नाही, मध्ये पाइप येतो. ते सोडलं. चौथं दोषी. या वेळी खरंच.
वहिनी म्हणाल्या, रोज एक गुन्हेगार गावतोय, पर चोरी काय थांबंना.

२६ जाने.
झेंडावंदन करून थेट ट्रकपाशी. दुसऱ्या कानात कापूस, डोळे मिटलेले. पाचवं! ईरण्णा मिस्त्री आले होते. त्यांना म्हणालो, या, ऐका, ठक्‌ ठक्‌ ठक्‌, किती स्पष्ट! ते म्हणाले, गुरुजी, इंजिन म्या कवाच बंद केलंय. ती तुमची नाडी हाय.
वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. या महिन्यात पहिल्यांदाच.
नाडी ठणठणीत आहे, हेही कळलं.

२७ जाने.
सहावं ऐकायचं होतं. कान दुखतो. शास्त्रीय कामात विश्रांतीही लागते.

२८ जाने., रविवार
ईरण्णांनी इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या, डिझेल फवारणाऱ्या नोझलचा पाइप सैल केला. तिसऱ्याला ठकठक गेली. नोझल बदललं. अर्धा तास. पाने माझ्या हातात होते, म्हणजे काम दोघांनी मिळूनच झालं.

२९ जाने.
सोसायटीनं गाडी पास केली! ईरण्णा चालवायला बसले, पाणी घेऊन गेलीसुद्धा. विकायचा प्रश्न मिटला.
संध्याकाळी ओट्यावर कान लावून बसलो. अण्णांची गाडी वेशीपाशी आली की ठकठक घरात ऐकू यायची. वहिनी तेव्हाच तव्यावर भाकरी टाकत. आज काहीच ऐकू येईना. मग वहिनी म्हणाल्या, भावजी, गाडी कवाची दारात हुबी हाय. मी म्हणालो, मला कळलंच नाही. त्या म्हणाल्या, मला बी न्हाय कळलं.
तवा रिकामाच होता.
डोळ्यांना पाणी आलं. डिझेलचा धूर. गाडी बंद होती, पण धूर बराच वेळ राहतो.