मुतखडा आणि फुलसावंगीचा रस्ता

६ एप्रिल १९६४, यवतमाळ
बाभुळगावच्या स्टँडवर तिकिटं फाडता फाडता कमरेत कळ उठली, ती थेट जांघेत. पॅसेंजर लोकांनी बाकड्यावर आडवं केलं. डॉक्टर म्हणाले, मुतखडा. एसटीचा कंडक्टर, उन्हाळाभर घाम गाळता, पाणी पीत नाही, दुसरं काय होणार! लघवी पाण्यासारखी स्वच्छ होईपर्यंत पाणी प्या, लघवी फडक्यातून गाळा, खडा पडला की आणून दाखवा. एवढं सांगायला डॉक्टर कशाला पाहिजे? उद्यापासून पाणी. डिसिप्लिन माझ्या रक्तात आहे.

७ एप्रिल
निघताना तांब्याभर पाणी पिलो. आर्णीच्या अलीकडे गाडी थांबवावी लागली. मी बाभळीआड, अख्खी गाडी खिडक्यांत. एक म्हातारी ओरडली, कंडक्टरच उतरला तं घंटी कोन मारन? कंडक्टरला काही इज्जत असते. पाणी ड्युटी संपल्यावरच.

८ एप्रिल
ड्युटी संपल्यावर झोप लागली.

११ एप्रिल
डोकं चालवलं. खडा म्हणजे दगड. दगड काय पाण्याने निघतो? तो हलवून काढावा लागतो. फुलसावंगीच्या रस्त्यासारखे हादरे जिल्ह्यात कुठे नाहीत. ती ड्युटी मागून घेतली. शिवाय तिथल्या तांड्याच्या देवीलाल नाईकांकडे आमच्या पोरीसाठी, रुपीसाठी, स्थळ आहे. मुलगा मास्तर. एका तिकिटात दोन कामं.
उकंडा ड्रायव्हरला बजावलं, खड्डा चुकवायचा नाही. मी मागच्या सीटवर बसणार. उकंडा म्हणे, हरिसिंगभाऊ, गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटन, तुमचा खडा नाई.
अडाणी माणूस.

१४ एप्रिल
बायकोने, बसंतीबाईने, खड्यावर कुळथाचं कळण केलं. मी हात लावला नाही. म्हणे, काहून पीत नाई? म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. म्हणे, सांगतलं ते तरी तुमी कुठं करून राह्यले?
बायकांना सायन्स समजत नाही.

१९ एप्रिल, दुपार
पडला! महागावच्या पुढे नाल्याकाठी उतरलो होतो. आटोपून खाली पाहतो तर पायाशी खडा. वाटाण्याएवढा, काळसर, टोकदार. फडकं घरी राहिलं होतं, पण मला डोळे आहेत. कळ अजिबात आली नाही. माझी सहनशक्तीच तशी. तपकिरीच्या डबीत ठेवला.

२२ एप्रिल
डेपोत सर्वांना दाखवला. बाबाराव मेकॅनिकलाही हाच त्रास. त्याला मागच्या सीटची पद्धत समजावून सांगितली. तो म्हणे, मले तं डॉक्टरनं पाणी सांगतलं. हसू आलं. माणसं प्रवाहाबरोबर जातात.
आपलं पाणी बंद. रोगच नाही तर औषध कशाला?

३ मे, फुलसावंगी
लिहवत नाही, पण लिहितो.
रुपीच्या सगाईची बोलणी. गाडीत रुपीने पाण्याची छागळ पुढे केली, बापू, घोटभर तरी प्या. नाही पिलो. व्याह्याच्या दारात जाऊन आधी आडोसा विचारायचा का?
बैठक छान जमली. मी डबी काढली. मनोबल या विषयावर बोललो. नाईक खडा उन्हात धरून बघत होते, आणि तेवढ्यात कळ आली. नाईकांच्या नव्या सतरंजीवर ओकलो. मग लोळलो. मेलो, मेलो, असं ओरडलो म्हणतात.
पाहुणे नुसते उभे. रुपीने पदर खोचला. विटा तापवून कमर शेकली. आणि ज्याच्यासमोर मान खाली घालून बसायचं, त्या नवऱ्या मुलालाच म्हणाली, पाहून काय राह्यले? बैल जुंपा!
पोरगा पळतच गेला.
बैठक तशीच उठली, सगाई मोडली. माझ्या पोरीचं जमत आलेलं मी मोडलं. म्हणजे खड्याने मोडलं.

५ मे, यवतमाळ, दवाखाना
डॉक्टरांनी डबी उघडली. म्हणाले, हा मुरूम आहे. रस्त्यावरचा. तुमचा खडा आतच आहे, लहान आहे, पाणी पिलात तर ऑपरेशनशिवाय उतरेल.
बाबाराव भेटायला आला. त्याचा पडला, फडक्यात सापडला. म्हटलं, गाडीचे हादरे लागू पडले असतील. म्हणे, भाऊ, मी गाडीखाली असतो, गाडीत नाई.

८ मे
देवीलाल नाईक आले. मी भिंतीकडे तोंड केलं. ते बसंतीबाईशीच बोलले. पोरगी पसंत आहे. आमचं पोरगं गरीब गाय, त्याले हुकूम करनारी पायजेच होती. रुपी बाहेर व्हरांड्यात होती. तिने ऐकलं, आत आली नाही. बसंतीबाईने डोळे पुसले.
मी हळूच विचारलं, माझ्याबद्दल घरात काय मत झालं? नाईक उठले. म्हणे, सतरंजी धुतली.

संध्याकाळ
पाणी पिलो. पेलाभर, मग आणखी पेलाभर. पूर्णपणे स्वतःच्या मर्जीने. बसंतीबाई तेव्हा उशाशी उभी होती, तो निव्वळ योगायोग.